दोन चाकांवर तोल सावरणारा रोबोट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशांसाठी आहे ज्यांनी सामान आणलंय, रोबोट जोडलाय, आणि तो पडतोय. हिशेब पटावेत म्हणून सगळीकडे एकच नमुना धरला आहे : एकूण वजन १ किलो (त्यात धड ८०० ग्रॅम, बाकी चाकं आणि हब), चाकाचा व्यास ६५ मिमी, धडाचा गुरुत्वमध्य चाकाच्या अक्षापासून १० सेंमी वर, १२ व्होल्टच्या ३४:१ गिअरच्या दोन डीसी मोटरी, एन्कोडरसह (शाफ्ट किती फिरला हे मोजणारा सेन्सर). तुमचे आकडे वेगळे असतील; रीत तीच.

हा रोबोट उभा राहतो म्हणजे नेमकं काय करतो?

तळहातावर काठी उभी धरताना काठी जिकडे झुकते तिकडे आपण हात नेतो. रोबोटही तेच करतो : पुढे कलला की चाकं पुढे धावतात आणि पुन्हा धडाखाली येतात. नियंत्रणशास्त्रात याला उलटा लंबक म्हणतात. साधा लंबक ढकलला तर आपोआप जागेवर येतो; उलटा लंबक जितका कलतो तितका जास्त वेगाने कलत जातो. म्हणून इथे प्रश्न ‘किती जोर लावायचा’ एवढाच नसतो, ‘किती लवकर लावायचा’ हाही असतो. बिघडलेल्या रोबोटांत बहुतेक वेळा दुसरं उत्तर चुकलेलं असतं आणि माणूस पहिल्याशी झगडत बसतो.

उंच बनवावा की बुटका?

उंच. बुटका स्थिर वाटतो, पण तो समज चार चाकांच्या गाडीचा. खराट्याची काठी तळहातावर सहज उभी राहते, पेन्सिल राहत नाही, कारण पेन्सिल फार लवकर पडते. गुरुत्वमध्य वर गेला की पडायला जास्त वेळ लागतो आणि सावरायला सवड मिळते. म्हणून बॅटरी वरच्या मजल्यावर ठेवा. धड मात्र ताठ हवं. लांब स्क्रू-स्पेसरवर डुगडुगणारे ॲक्रिलिकचे मजले रचले तर सेन्सर ती डुगडुगही कोन म्हणून वाचतो.

पडायला किती वेळ लागतो हे मोजता येतं का?

येतं, आणि पीआयडीला (कोनातल्या चुकीवरून मोटरला किती जोर द्यायचा हे ठरवणारा हिशेब) हात लावण्याआधी मोजावं. लागतो फक्त मोबाइलमधला स्टॉपवॉच.

चाकं काढा. रोबोट उलटा करून अक्षाच्या जवळात जवळ, दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटमधून आलेल्या दोन टोकदार स्क्रूंवर टांगा. मोटरच्या शाफ्टवर टांगू नका, गिअर अडवतात आणि झोका दोन फेऱ्यांत मरतो. दहा अंशांहून लहान झोका द्या आणि २० झोक्यांचा (जाऊन परत आला की एक झोका) वेळ घ्या. आपल्या नमुन्याला १५ सेकंद लागले, म्हणजे एका झोक्याला ०.७५ सेकंद. त्याला २ पायने (६.२८) भागलं की ०.१२ सेकंद. हा तुमच्या रोबोटचा ‘पडण्याचा वेळ’ : कोणी सावरलं नाही तर दर ०.१२ सेकंदाला कलण्याचा कोन साधारण २.७ पट होतो.

हे जमतं कारण सुलटा आणि उलटा लंबक यांचं समीकरण एकच, फक्त गुरुत्वाच्या पदाचं चिन्ह उलटतं. जमिनीवर चाकं मोकळी असतील तर ती मागे सरकतात आणि रोबोट आणखी लवकर पडतो, म्हणून हिशेबाला ०.१ सेकंद धरा.

याच मोजणीतून जडत्व आघूर्णही (फिरवायला होणारा विरोध) मिळतं : वजन × गुरुत्व × गुरुत्वमध्याचं अंतर × झोक्याच्या वेळाचा वर्ग, भागिले ३९.५. म्हणजे ०.८ × ९.८१ × ०.१ × ०.५६ ÷ ३९.५ = सुमारे ०.०११ किलोग्रॅम-वर्गमीटर, टांगलेल्या अक्षाभोवती. पुढे मॉडेल (रोबोटचं गणिती रूप) करायचं असेल तर हाच आकडा लागतो. संगणकावरच्या त्रिमिती चित्रातून काढलेलं जडत्व आघूर्ण बहुधा चुकतं, कारण चित्रात वायरी, स्क्रू आणि बॅटरीचं खरं वजन कोणी भरलेलं नसतं.

सेन्सरपासून मोटरपर्यंत किती उशीर चालतो?

ढोबळ ठोकताळा : सगळा उशीर मिळून पडण्याच्या वेळाच्या एक तृतीयांशाच्या बराच आत हवा. आपल्याला ३० मिलिसेकंद ही भिंत. १५ च्या आत राहिलात तर सुखात राहाल. उशीर साचतो असा :

सेन्सरमधला गाळणी-फिल्टर ५ मिलिसेकंद, सॅम्पलिंगचा सरासरी उशीर (दर ५ मिलिसेकंदांनी वाचन धरून) २.५, हिशेब करून पुढच्या फेरीत आउटपुट देत असाल तर आणखी ५. झाले साडेबारा. यावर कोणी ‘आवाज कमी करायला’ दहा नमुन्यांची सरासरी लावली तर आणखी सुमारे २२ मिलिसेकंद जातात आणि रोबोट कोणत्याही गेनवर (चुकीला ज्या आकड्याने गुणून आउटपुट काढतो तो) नीट उभा राहत नाही. गाळून गुळगुळीत झालेला आलेख पाहायला छान, पण तो शिळा असतो.

मोटर कोणती घ्यावी? टॉर्क (फिरवण्याचा जोर) महत्त्वाचा की वेग?

सगळे टॉर्क विचारतात आणि १०० आरपीएमची (मिनिटाला फेऱ्या) मोटर घेऊन येतात. हिशेब पाहा.

आपला रोबोट १५ अंश कललेला असताना तो कोन तसाच धरून ठेवायला चाकांना सुमारे १.८ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढा त्वरण लागतो. ६५ मिमीच्या चाकाचा परीघ २०४ मिमी. १०० आरपीएमला कमाल वेग ०.३४ मीटर प्रति सेकंद, तो ०.१९ सेकंदात संपतो आणि त्यानंतर मोटर कितीही जोरकस असो, धडाखाली पोहोचत नाही. ३०० आरपीएमला १.०२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ०.५६ सेकंदांची सवड.

टॉर्क? तो कोन धरायला दोन्ही चाकांना मिळून साधारण ०.६ किलो-सेंमी. गिअरच्या मागे फिरणाऱ्या रोटरलाच वेग द्यायला तितकाच किंवा त्याहून जास्त खर्च होतो, कारण रोटरचं जडत्व चाकापाशी गिअरच्या वर्गाने, म्हणजे ३४ ला ११५६ पटीने दिसतं. सावरून परत आणायला जादा ताकद हाताशी राखून प्रत्येक मोटरचा स्टॉल टॉर्क (अडकलेल्या मोटरचा टॉर्क) ३ किलो-सेंमी किंवा जास्त असला की झालं. ६५ मिमीच्या चाकाला ३०० ते ३५० आरपीएम ही बरी जागा.

पिवळ्या प्लॅस्टिकच्या गिअरमोटरी नकोत. त्यांच्या गिअरमधली ढिलाई इतकी असते की चाक हाताने बरंच हलतं तरी मोटरला पत्ता नसतो.

डीसीऐवजी स्टेपर?

पटकन उभा करायचा असेल तर स्टेपर सोपा : गिअर नाही, ढिलाई नाही, वेग सांगाल तोच मिळतो, एन्कोडर लागत नाही. १.८ अंशांचा स्टेपर १/१६ मायक्रोस्टेपवर फेरीला ३२०० पावलं देतो. पण तो वेगात टॉर्क गमावतो, जोराने ढकललं की पावलं चुकतात, आणि उभ्या जागीही बॅटरी खातो. मॉडेलिंग शिकायचं असेल तर डीसी मोटरच घ्या. घर्षण, मृतपट्टा (ज्या कमी आउटपुटला चाक हलतच नाही तो भाग), बॅक ईएमएफ (फिरणारी मोटर स्वतः तयार करते ते उलटं व्होल्टेज) हे सगळे धडे तिच्यातच आहेत.

एल२९८एन हा मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज देणारी चिप) चालेल का? तो तर प्रत्येक दुकानात मिळतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ‘मोटर ड्रायव्हर’ म्हटलं की तोच हातात पडतो, खरं आहे. पण त्यातले जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर १ अँपिअरला २ ते ३ व्होल्ट स्वतःच गिळतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतले मोटरला ९-१० मिळतात आणि बाकीची हिटसिंक गरम होते. टीबी६६१२ हा दुसरा ड्रायव्हर मॉसफेटवर (नव्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर) चालतो, गळती फार कमी. त्याची मर्यादा प्रत्येक मोटरला सतत १.२ अँपिअर, क्षणभर ३.२. आपल्या मोटरचा रोध ६ ओहम धरला तर १२ व्होल्टला अडकलेली मोटर २ अँपिअर ओढते : सावरताना क्षणभर चालतं, हाताने चाक दाबून धरलं तर चिप तापून बंद पडते.

पीडब्ल्यूएमची (वीज झपाट्याने चालू-बंद करून मोटरचा जोर कमीजास्त करण्याची पद्धत) वारंवारताही बदला. ऊनो या अर्डुइनो बोर्डावर ती बहुतेक पिनांना ४९० हर्ट्झ असते; मोटर किणकिणते आणि कमी ड्यूटीला (वीज चालू असण्याचा वाटा कमी असताना) धक्के देते. टायमर १ वर पिन ९ आणि १० घेऊन २० किलोहर्ट्झ करा (फेज-करेक्ट पद्धत, प्रीस्केलर १, कमाल ४००). मग आउटपुट ०–२५५ नसून ०–४०० होतं, हे विसरू नका. खालचे गेन २५५ धरून दिले आहेत. टायमर ० ला हात लावू नका, वेळ सांगणारी मिलिस आणि मायक्रोस ही फंक्शनं त्याच्यावरच चालतात.

सेन्सर कुठे आणि कसा बसवायचा?

एमपीयू६०५० (कोन बदलण्याचा वेग मोजणारा जायरो आणि त्वरण मोजणारा ॲक्सेलरोमीटर एकत्र असलेली चिप) घेतलात असं धरतो. तो अक्षाच्या जवळ, पक्का, दोन स्क्रूंनी बसवा. फार वर बसवला तर धड हिंदकळताना होणारा त्वरण ॲक्सेलरोमीटरमध्ये मिसळतो. दुहेरी फोम-टेपवर चिकटवू नका, ते स्प्रिंगसारखं वागतं.

चिप सुरू होताना झोपलेली असते. ६बी या रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या सेटिंगच्या कप्प्यात) ० लिहिल्याशिवाय सगळे आकडे शून्य येतात. १ए या रजिस्टरमध्ये ३ लिहिलं की फिल्टर ४४ हर्ट्झवर येतो आणि उशीर सुमारे ५ मिलिसेकंद होतो. ६ लिहिलं तर ५ हर्ट्झ आणि १९ मिलिसेकंद. आलेख सुंदर, रोबोट जमिनीवर. जायरोची कक्षा ±५०० अंश प्रति सेकंद ठेवा, म्हणजे ६५.५ ने भागायचं. ±२५० वर धक्का बसल्यावर वाचन कमाल मर्यादेला चिकटू शकतं.

आय-टू-सी बसचा (सेन्सर आणि बोर्ड यांच्यातल्या दोन तारांच्या दुव्याचा) वेग सांगितला नाही तर १०० किलोहर्ट्झ असतो. एका वाचनाचे १४ बाइट आणायला तिथे दीड मिलिसेकंदाहून जास्त जातो. ४०० किलोहर्ट्झवर अर्ध्याच्या आत.

कोन कसा काढायचा? ०.९८ आणि ०.०२ हे आकडे आले कुठून?

ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाची दिशा सांगतो, पण रोबोट धावला की त्वरणालाच गुरुत्व समजतो. जायरो कोन बदलण्याचा वेग सांगतो, पण त्याची बेरीज करत गेलं की कोन हळूहळू सरकतो. म्हणून थोड्या वेळासाठी जायरोवर आणि लांब पल्ल्यासाठी ॲक्सेलरोमीटरवर विसंबायचं :

नवा कोन = ०.९८ × (जुना कोन + जायरोचा वेग × लूपचा वेळ) + ०.०२ × ॲक्सेलरोमीटरचा कोन

०.९८ हा आकडा सगळीकडून उतरवला जातो, पण लूपचा (वाचन, हिशेब, आउटपुट या एका फेरीचा) वेळ न पाहता त्याला अर्थ नाही. फिल्टरचा कालस्थिरांक = ०.९८ × लूपचा वेळ ÷ ०.०२. लूप १० मिलिसेकंदांचा असेल तर ०.४९ सेकंद, ५ चा असेल तर ०.२४५. दुसऱ्या बाबतीत ॲक्सेलरोमीटरवर दुप्पट भरवसा टाकला जातो आणि रोबोट जोराने धावला की कोन चुकीचा वाचला जातो. ५ मिलिसेकंदांच्या लूपला ०.९९५ घ्या, कालस्थिरांक १ सेकंद.

जायरोचं शून्य मात्र नीट काढा : सुरू झाल्यावर रोबोट आडवा निश्चल ठेवून ५०० ते १००० वाचनांची सरासरी, आणि ती नंतर वजा करायची. १ अंश प्रति सेकंदाची चूक राहिली तर १ सेकंदाच्या फिल्टरमध्ये कायमची १ अंशाची चूक येते. सेन्सर तापल्यावर हे शून्य थोडं सरकतं.

कालमन फिल्टर (मोजणी आणि अंदाज यांना गोंगाटानुसार तोलणारी रीत) लावला तर जास्त चांगला उभा राहील का?

या रोबोटला, नाही. एका अक्षाचा कोन आणि न बदलणारा गोंगाट असला की कालमनचे गेन काही सेकंदांत स्थिरावतात, आणि उरतो तो वरचाच फिल्टर, जोडीला जायरोच्या शून्याचा चालता अंदाज. तेवढा अंदाज हवा असेल तर जरूर लावा. प्रकल्पाच्या अहवालात नाव भारदस्त दिसतं म्हणून लावू नका.

लूप किती वेगाचा हवा, आणि सिरियलवर आकडे छापले की रोबोट का पडतो?

२०० हर्ट्झ, म्हणजे ५ मिलिसेकंद पुरे. त्याहून महत्त्वाचं हे की ते प्रत्येक वेळी ५ च असावेत. डिले वापरू नका. मायक्रोसने वेळ पाहून पुढची फेरी सुरू करा.

छापण्याचं कारण सरळ आहे. ९६०० बॉडला एक अक्षर साधारण १ मिलिसेकंद घेतं. ३० अक्षरांची ओळ ३१ मिलिसेकंद, आणि बफर भरला की प्रोग्रॅम तिथेच थांबतो. एका ओळीत उशिराचा सगळा साठा संपला. १,१५,२०० बॉडला तीच ओळ २.६ मिलिसेकंदांची, तरी प्रत्येक फेरीत नकोच. नोंदी रॅममध्ये ठेवा (ऊनोच्या २ किलोबाइटमध्ये तीन राशींचे २०० नमुने मावतात, म्हणजे १ सेकंद) आणि रोबोट थांबल्यावर छापा.

गेन कसे लावायचे? क्रम सांगा.

१. वरून सैल दोरी बांधा. कोन ४० अंशांपुढे गेला की मोटर बंद ही ओळ सगळ्यात आधी लिहा. नाही तर पडलेला रोबोट फरशीवर चाकं घासत पूर्ण जोरात पळतो आणि कुणाच्या तरी पायावर जातो.

२. चिन्ह तपासा. हातात धरून पुढे कलवा; दोन्ही चाकं पुढेच फिरली पाहिजेत. उलटी फिरत असतील तर कुठलाच गेन कामाचा नाही.

३. तोलबिंदू शोधा. मोटर बंद ठेवून रोबोट बोटांत हलका धरा, जिथे कुठेच पडावंसं वाटत नाही तो कोन वाचा. तो क्वचितच शून्य असतो. १ ते ३ अंश इकडेतिकडे येतोच. तोच सेटपॉइंट, म्हणजे गाठायचा कोन.

४. मृतपट्टा मोजा. चाकं जमिनीवर ठेवून पीडब्ल्यूएम एकेक वाढवा. ज्या आकड्याला चाक हलतं तो लिहून ठेवा, दोन्ही मोटरींचा आणि दोन्ही दिशांचा वेगळा. आउटपुटमध्ये त्याच्या ८० ते ९० टक्के मिळवा. पूर्ण मिळवलात तर रोबोट कुडकुडतो.

५. फक्त पी (कोनाच्या चुकीच्या प्रमाणात जोर). अंशाला ५ पासून वाढवत जा. या आकाराच्या रोबोटला बहुधा १५ ते ३० लागतो. सावरायला धावतो, पलीकडे जातो, परत येतो, अशी झुलणी सुरू झाली की थांबा.

६. डी (कोन बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात जोर). यासाठी कोनांची वजाबाकी करून भागू नका, जायरोचं वाचन सरळ घ्या. तोच कोनाचा वेग आहे आणि ताजा आहे. ०.३ पासून वाढवा. झुलणी विझेल. बारीक, झणझणीत कंप सुरू झाला की मागे या.

७. आय (चुकीच्या साचत गेलेल्या बेरजेच्या प्रमाणात जोर) सगळ्यात शेवटी, थोडा, आणि त्याच्या बेरजेला मर्यादा घालून. हातात धरलेल्या रोबोटची बेरीज वाढत राहते आणि सोडल्याबरोबर तो उधळतो.

पी २० असेल तर १३ अंशांनाच मोटर पूर्ण जोरावर पोहोचते. त्यापुढे गेन वाढवून काही मिळत नाही.

झीग्लर–निकोल्सची रीत (पीआयडीचे गेन तक्त्यावरून ठरवण्याची) वापरता येईल का?

१९४२ची ती रीत भट्टी, टाकी, प्रवाह अशा प्रक्रियांसाठी घडली, ज्या आपल्या आपण स्थिर असतात. तिचे गेन मुद्दामच आक्रमक आहेत. इथे झुलणीचा कालावधी पाहून साधारण कल्पना घ्या. तक्त्यातले आकडे घालून रोबोट सोडू नका.

उभा राहतो, पण एका दिशेला पळत सुटतो. का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याचं उत्तर गेनमध्ये नाही. कोनाचा लूप फक्त कोन सांभाळतो. रोबोट उभा राहून ताशी ३ किलोमीटरने चालला तरी त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. तोलबिंदूत अर्ध्या अंशाची चूक असली की तो त्या बाजूला वेग वाढवत जातो, मोटरचा वेग संपतो, आणि मग पडतो.

उपाय म्हणजे बाहेरचा वेगाचा लूप : एन्कोडरवरून वेग काढा, आणि त्यावरून आतल्या लूपला कोनाचा सेटपॉइंट द्या. पुढे सरकत असेल तर मागे कलायला सांगायचं. सेटपॉइंटला ±५ ते ८ अंशांची मर्यादा घाला. बाहेरचा लूप आतल्यापेक्षा निदान पाचपट संथ हवा. ४० मिलिसेकंदांना एकदा ठीक.

चिन्हाची गफलत इथे हमखास होते. मागे कलायचं तर चाकांना आधी धडाच्या पुढे जावं लागतं. म्हणजे पुढे धावणारा रोबोट थांबण्यासाठी क्षणभर आणखी जोरात पुढे धावतो. हे पाहून ‘चुकलं’ म्हणून चिन्ह उलटवणारे पुष्कळ. पुढे जायलाही तो आधी थोडा मागे सरकतो. हा रोबोटचा स्वभाव आहे, कुठल्याही गेनने जात नाही; बाहेरचा लूप फार तापट केला तर त्याच कारणाने तो कोसळतो.

आणखी एक बारकी अडचण : ऊनोवर बाह्य इंटरप्टच्या (पल्स येताच प्रोग्रॅमला दखल घ्यायला लावणाऱ्या) पिना दोनच, त्यामुळे प्रत्येक चाकाची एक वाहिनी, तिच्या दोन्ही कडा मोजायच्या. मोटरच्या शाफ्टवर फेरीला ११ पल्स असतील तर ११ × ३४ × २ = ७४८ मोजण्या. ५ मिलिसेकंदांत एक मोजणी म्हणजे १६ आरपीएम, म्हणून वेग पायऱ्यापायऱ्यांनी दिसतो. ४० मिलिसेकंदांवर तीच पायरी २ आरपीएमची होते. ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डात पल्स मोजायला वेगळी यंत्रणा असते, तिथे चारही कडा मोजता येतात.

जागेवर उभा राहतो, पण सतत थरथरतो.

थरथर संथ असेल, सेकंदाला एक-दोन हेलकावे आणि चाक प्रत्येक वेळी दोन-तीन सेंटिमीटर सरकत असेल, तर कारण गिअरमधली ढिलाई आणि मृतपट्टा. हे काही प्रमाणात राहणारच. बारीक आणि झणझणीत असेल तर डी जास्त आहे किंवा धड लवचीक आहे. धडाच्या वरच्या टोकाला बोट लावा, कंप बदलला तर धडच दोषी.

मोटर सुरू झाली की सेन्सर गोठतो.

मोटरच्या ब्रशांचा विद्युत-गोंगाट आय-टू-सी बसमध्ये शिरतो आणि ‘वायर’ लायब्ररी (आय-टू-सी बस चालवणारा तयार प्रोग्रॅम) उत्तराची वाट पाहत बसते. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट मोटरवर सोल्डर करा. ड्रायव्हरच्या वीजपुरवठ्यावर ४७० ते १००० मायक्रोफॅरड. मोटरच्या वायरी पीळ देऊन, सेन्सरच्या वायरी १५ सेंमीच्या आत आणि त्यांच्यापासून दूर. ग्राउंड बॅटरीपाशी एकाच जागी जोडा. लायब्ररीत टाइमआउटची सोय आहे, ती चालू करा. ब्रेडबोर्डवर रोबोट उभा करू नका. धक्क्याने वायर सुटली की दोन तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात जातात.

सकाळी उभा राहत होता, संध्याकाळी नाही.

बॅटरी. तीन सेलची लिथियम बॅटरी भरलेली १२.६ व्होल्ट, वापरून १० वर येते. तेवढ्यात सगळे गेन २० टक्क्यांनी घटले. २० आणि १० किलोओहमच्या रोधांनी व्होल्टेज तिसरा भाग करून ॲनालॉग पिनला द्या (१२.६ चे ४.२ होतात) आणि आउटपुटला ११.१ ÷ मोजलेलं व्होल्टेज याने गुणा. ९ व्होल्टच्या खाली मोटर बंद. सेल संरक्षण-पट्टीसह घ्या आणि चार्जिंगला लावून झोपू नका.

मोटरचं मॉडेल कसं काढायचं?

शाफ्ट अडकवून २ व्होल्ट द्या, प्रवाह मोजा, भागाकार हा रोध. शाफ्ट थोडा फिरवून चार ठिकाणी मोजा, ब्रशच्या जागेनुसार आकडा बदलतो. मग मोकळी फिरवा. समजा १२ व्होल्टला ०.१ अँपिअर आणि ३०० आरपीएम (३१.४ रेडियन प्रति सेकंद) : (१२ − ०.१ × ६) ÷ ३१.४ = ०.३६. हा बॅक ईएमएफचा स्थिरांक. एसआय एककांत टॉर्कचा स्थिरांकही तोच, गिअरमधली गळती सोडून. शेवटी एकदम ६ व्होल्ट देऊन दर ५ मिलिसेकंदांनी वेग नोंदवा. अंतिम वेगाच्या ६३ टक्के गाठायला लागलेला वेळ म्हणजे कालस्थिरांक.

पीआयडी की एलक्यूआर (मॉडेलवरून सगळे गेन एकत्र काढण्याची रीत)?

वाटतो तेवढा फरक नाही. आत कोनावर पीडी, बाहेर वेगावर पीआय, असं जोडलं की नियंत्रक चार राशी वापरतो : कोन, कोनाचा वेग, चाकाचा वेग, आणि वेगाची बेरीज म्हणजे स्थान. एलक्यूआरही याच चार राशींना चार गेनने गुणतो. रचना एकच, फरक इतकाच की एलक्यूआर ते चार आकडे मॉडेलवरून एकदम निवडून देतो. मॉडेल मोजलेलं असेल तर वेळ वाचतो. भार (कोणत्या राशीला किती महत्त्व द्यायचं) ठरवायला ब्रायसनचा नियम सोपा : प्रत्येक राशीच्या सोसवेल अशा कमाल मूल्याच्या वर्गाचा व्यस्त. ५ अंश म्हणजे ०.०८७ रेडियन, भार १३२. १० सेंमी, भार १००. ६ व्होल्ट, भार ०.०२८.

हिशेबाला ऑक्टेव्ह, पायथन किंवा सायलॅब, काहीही चालेल. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅबचा प्रसार करतो, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतले धडेही आहेत.

सिम्युलेशनमध्ये दिमाखात उभा, टेबलावर दोन सेकंद. काय राहिलं?

बहुधा चार गोष्टी : व्होल्टेजची मर्यादा, मृतपट्टा, १०–१५ मिलिसेकंदांचा उशीर, आणि एन्कोडरच्या पायऱ्या. या चार मॉडेलमध्ये घाला. मग सिम्युलेशनमधलाही रोबोट पडेल, आणि तेव्हाच त्याचा काही उपयोग सुरू होईल.

यात संशोधनासारखं अजून काही उरलंय का?

उलटा लंबक नियंत्रणशास्त्राचा जुना मापदंड आहे. १९९२च्या सुमारास जपानमध्ये कात्सुहिसा फुरुता यांनी फिरत्या भुजेवरचा लंबक रूढ केला, २००१मध्ये दोनचाकी सेगवे जगासमोर आली, २०२०मध्ये तिचं उत्पादन थांबलंही. नुसतं ‘उभा केला’ हे आता संशोधन नाही. पण उशीर कमीजास्त होणारा दुवा, चालत्या रोबोटवर बदलणारं ओझं, सिम्युलेशनमध्ये शिकलेला नियंत्रक खऱ्या यंत्रावर आणणं, या प्रश्नांना हा स्वस्त आणि कठोर परीक्षक आहे. पडणाऱ्या यंत्राचं मॉडेल नियंत्रक बंद ठेवून नोंदवता येत नाही. तो चालू ठेवून आउटपुटमध्ये लहान, यादृच्छिक दोन-पातळ्यांचा संकेत मिसळावा लागतो, हाही एक विषय.

विद्यार्थ्यांच्या निबंधांत वारंवार दिसणारा दोष : ‘आमचा नवा नियंत्रक पीआयडीपेक्षा ४० टक्के चांगला’, आणि पीआयडी पाच मिनिटांत लावलेला. तुलना करायची तर दोघांवर सारखी मेहनत हवी. धक्का हाताने देऊ नका. १०० ग्रॅमची वाळूची पिशवी दोरीला बांधून ठरलेल्या उंचीवरून सोडा. प्रत्येक नियंत्रकाच्या निदान दहा चाचण्या घ्या, पडलेल्याही मोजा, आणि बॅटरीचं व्होल्टेज, लूपचा वेळ, फरशी की गालिचा हे लिहा.

गालिच्यावर किंवा उतारावर चालेल का?

गालिच्यावर घर्षण वाढतं, मृतपट्टा रुंदावतो. फरशीवर लावलेले गेन तिथे ढिले पडतात. गुळगुळीत ग्रॅनाइटवर उलट, जोराने सावरताना चाक घसरतं आणि एन्कोडर खोटा वेग सांगतो. रबरी टायर ओल्या फडक्याने पुसा, धूळ गेली की पकड परत येते. उतारावर रोबोट चढाच्या बाजूला कलून उभा राहतो. तो कोन वेगाच्या लूपमधला आय आपोआप शोधतो, म्हणून तिथे तो भाग शून्य ठेवू नका.